पुढे चाल



एरवी मी तुमच्याशी बोलते ते अंतर्गत कर्जाबद्दल, गटाच्या दप्तराबद्दल, नाहीतर कुठल्या योजनेचा अर्ज कुठे भरायचा त्याबद्दल. आज खेळाबद्दल बोलणार आहे, तेही आपल्याकडे कुणी फारसा न खेळणाऱ्या खेळाबद्दल. पण गोष्ट ऐकलीत की ती आपल्या सभांपासून फार लांबची नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

शाळेच्या कबड्डीच्या स्पर्धा आपण पाहिल्या आहेत. समोरचा संघ मैदानावर आलाच नाही, तर पंच थोडा वेळ वाट पाहतात आणि आलेल्या संघाला ‘पुढे चाल’ देतात. न खेळताच पुढची फेरी. पोरं खूश होतात, घरी येऊन सांगतात, जिंकलो. आता असा एक संघ डोळ्यांसमोर आणा, ज्याला गावात पुढे चाल मिळाली आणि राज्यातही मिळाली. राज्याचा विजेता ठरेपर्यंत त्याच्यासमोर उभं राहायला कुणी आलंच नाही. हे १९५५ साली अमेरिकेत घडलं, साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात. मुलं होती अकरा-बारा वर्षांची. समोर कुणी आलं नाही, कारण ही मुलं काळी होती.

खेळ आधी थोडक्यात सांगते. बेसबॉल म्हणजे एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने गोल दांडक्याने तो मारायचा आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांना शिवत धावत परत जागेवर यायचं. आला की एक धाव. बाजूला नऊ खेळाडू. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं, तसा तिकडे हा खेळ. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने लहान मुलांसाठी छोट्या मैदानावरच्या स्पर्धा सुरू केल्या. तिचं नाव ‘लिटल लीग’. लीग म्हणजे एका भागातले चार-सहा संघ आणि त्यांचे आपसांतले सामने. पुढे हे देशभर पसरलं. गावच्या लीगमधून निवडक मुलांचा एक संघ करायचा, त्याने शहराच्या, मग राज्याच्या, मग विभागाच्या स्पर्धेत खेळायचं, आणि शेवटची स्पर्धा विल्यम्सपोर्टला. आपले गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, अशीच ती उतरंड.

आता त्या काळचं चार्ल्स्टन. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांचं हे मोठं बंदर. १८६१ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, त्याचा पहिला तोफगोळा याच बंदरात सुटला. युद्धानंतर गुलामी कायद्याने गेली, पण दक्षिणेकडच्या राज्यांनी दुसरे कायदे केले. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बसमधली जागा वेगळी, पाणी प्यायचा नळ वेगळा. पाण्याचा नळ म्हटल्यावर पुढचं तुम्हाला समजावून सांगायला नको. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्का मारला होता: वेगळं ठेवा, पण समान ठेवा. समान कधीच नव्हतं. साउथ कॅरोलायनातल्याच क्लॅरेंडन परगण्यात काळ्या पालकांनी मुलांना शाळेत जायला बस मागितली, एवढीच मागणी. ती मिळाली नाही. तो वाद वाढत वाढत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शाळांमधला वर्णभेद संपवणारा १९५४ सालचा जो प्रसिद्ध निकाल आहे, ‘ब्राऊन’ खटल्याचा, त्यात हाही खटला होता.

मे १९५४ चा हा निकाल लक्षात ठेवा. १९५५ च्या उन्हाळ्यात मुलांच्या खेळावरून मोठी माणसं इतकी का बिथरली, याचं उत्तर त्यात आहे. गोऱ्या पुढाऱ्यांना वाटत होतं, आज पोरं एका मैदानात खेळली तर उद्या एका वर्गात बसतील. त्यांचं वाटणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. बरोबर ओळखलं होतं त्यांनी. त्यांना नको होतं तेच मुळी अन्यायाचं होतं.

चार्ल्स्टनमध्ये कॅनन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या काळ्या लोकांच्या वायएमसीए या संस्थेचे अध्यक्ष होते रॉबर्ट मॉरिसन. १९५३ मध्ये त्यांनी काळ्या मुलांसाठी लिटल लीगची रीतसर मान्यता आणली. चार संघ उभे केले. पैसा कुठून आणला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गणवेश, हातमोजे, दांडकी, चेंडू, हा खेळ फुकटात होत नाही. मुलांच्या संघांमागे उभ्या राहिलेल्यांत काळ्या लोकांचे अंत्यविधीचे व्यवसाय होते. हसू नका. त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांचे अंत्यविधीवाले काळ्यांचं प्रेत हाताळत नसत. त्यामुळे हा धंदा पूर्ण काळ्यांच्या हातात होता, आणि त्याचं गिऱ्हाईकही काळंच. गोऱ्या मालकाने कामावरून काढलं, गोऱ्या बँकेने कर्ज तोडलं, ही भीती शिक्षकाला होती, मजुराला होती. या धंद्यातल्या माणसाला ती कमी होती. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात नाही, तो मुलांच्या पाठीशी उघडपणे उभा राहू शकला. आपण शंभर-शंभर रुपये महिन्याला का टाकतो, असं विचारणाऱ्या नव्या सदस्यांना मी हे सांगते.

जुलै १९५५. मॉरिसन यांनी कॅनन स्ट्रीटच्या निवडक चौदा मुलांचा संघ शहराच्या स्पर्धेत नोंदवला. लिटल लीगच्या नियमांत रंगावरून मनाई नव्हती. म्हणजे अर्ज कायदेशीर, मान्यता कायदेशीर, वर्गणी भरलेली. गोऱ्या संघांनी काय केलं? त्यांनी विरोधाचं पत्र काढत बसण्यापेक्षा नावं मागे घेतली. शहराची स्पर्धा कॅनन स्ट्रीटला न खेळता मिळाली.

मग राज्याची स्पर्धा आली. साउथ कॅरोलायनात लिटल लीगचे राज्यप्रमुख होते डॅनी जोन्स. त्यांनी विल्यम्सपोर्टच्या मुख्यालयाकडे मागणी केली की, राज्याची स्पर्धा गोऱ्यांसाठी वेगळी घेऊ द्या. लिटल लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी साफ नाही म्हटलं. जो संघ कॅनन स्ट्रीटशी खेळायला नकार देईल तो संघटनेबाहेर, असं त्यांनी कळवलं. यावर राज्यातल्या सगळ्या, एकूण ६१ गोऱ्या संघांनी माघार घेतली. ६१! जोन्स यांनी राजीनामा दिला आणि फक्त गोऱ्या मुलांसाठी वेगळी संघटना काढली. तीच पुढे ‘डिक्सी यूथ बेसबॉल’ झाली, आणि तिने आपल्या खुणेत गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा घेतला.

इथे मी जरा थांबते. गैरहजर राहणं हे किती मोठं हत्यार आहे, हे आपण सभा घेणाऱ्या बायकांना चांगलं माहीत आहे. आपल्या नियमांत गणपूर्ती असते, ठराविक सदस्य हजर नसतील तर सभा होत नाही. एका गावात वस्तीवरच्या बायकांचा नवा गट ग्रामसंघात घ्यायचा होता. त्या सभेला बाकीच्या गटांच्या अध्यक्ष-सचिव आल्याच नाहीत. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची सोयाबीनची काढणी. पुढच्या महिन्यातही तसंच. तीन सभा गेल्या. दप्तर उघडून बघा, कुणी विरोध केला अशी एक ओळ सापडणार नाही. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’, एवढंच. चौथ्या महिन्यात निधीची फाईल अडली, तेव्हा सगळ्या वेळेवर आल्या आणि तो गट आत आला. विरोध करणारी बाई निदान समोर असते, तिच्याशी बोलता येतं. न आलेल्या बाईशी कसं बोलणार?

चार्ल्स्टनच्या मुलांचं तसंच झालं. त्यांना कुणी ‘खेळू नका’ म्हटलं नाही. उलट त्यांना राज्याचे विजेते म्हटलं.

पुढचा टप्पा जॉर्जिया राज्यातल्या रोम गावी होता. दक्षिण-पूर्व विभागाची स्पर्धा, ती जिंकली की विल्यम्सपोर्ट. इथे दुसरा नियम आडवा आला. संघाने मैदानावर खेळून जिंकलेलं असलं पाहिजे, नुसत्या पुढे चालीवर वर येता येत नाही, असा तो नियम. याच मॅकगव्हर्न यांच्या संघटनेने तो लावला आणि मुलांना अपात्र ठरवलं. गोऱ्या संघांपुढे वाकायचं नाही हा निर्णय त्यांनी घेतला, त्याबद्दल मी त्यांना मानते. पण नियम लावताना तो कुणामुळे मोडला गेला, हे बघायला नको का? मुलं खेळायला तयार होती. दांडकी घेऊन उभी होती. शिक्षा मात्र त्यांनाच झाली. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणत कुणाचा तरी घास काढून घेतला जातो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

मॅकगव्हर्न यांनी मुलांना ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावलं. स्पर्धा बघायला. मुलं जुन्या बसमधून निघाली. हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास, आणि दक्षिणेतून जाताना कुठल्या हॉटेलात जेवता येईल, कुठलं मुतारीघर वापरता येईल, याचा विचार मोठ्यांनी आधीच करून ठेवावा लागे. विल्यम्सपोर्टला त्यांनी पहिल्यांदा ते मोठं मैदान पाहिलं. ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांना मैदानात उतरून सामन्याआधीचा थोडा सराव करू दिला. चेंडू फेकले, झेलले, मारले. प्रेक्षकांतून आवाज उठला, ‘खेळू द्या त्यांना! खेळू द्या त्यांना!’ आणि मग मुलांना बाहेर बोलावून बाकांवर बसवलं. सामने दुसऱ्यांचे झाले.

ते आवाज देणारे बहुतेक गोरे प्रेक्षक होते, हेही सांगायला हवं. चार्ल्स्टनमध्ये गोऱ्या माणसाने आपल्यासाठी ओरडलेलं या मुलांनी कधी पाहिलं नसेल. म्हातारपणीही त्या खेळाडूंनी मुलाखतींमधून तो आवाज आठवून सांगितला आहे. दुःख कशाचं वाटलं, हेही सांगितलं आहे: हरलो असतो तरी चाललं असतं, पण खेळायला मिळालं असतं तर.

मुलं परतली तो आठवडा अमेरिकेच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने लिहिला गेला. २८ ऑगस्ट १९५५ ला मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मारून नदीत टाकण्यात आलं. एका गोऱ्या बाईशी तो दुकानात उद्धटपणे वागला, असा त्याच्यावर आरोप होता. पकडलेल्या दोघा गोऱ्यांना गोऱ्या पुरुषांच्या पंचांनी सोडून दिलं. बसमधली मुलं त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान. त्यांच्या आयांनी त्या बसची वाट कशी पाहिली असेल, हे कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही.

सगळी दक्षिण एकसारखी होती का? नाही. त्याच ऑगस्टमध्ये फ्लोरिडा राज्यात दुसरं घडलं. पेन्साकोला गावचा काळ्या मुलांचा संघ राज्याच्या स्पर्धेसाठी ऑरलँडोला आला. ऑरलँडोचा संघ गोऱ्या मुलांचा. खेळायचं की माघार घ्यायची, हे तिथे मुलांनाच विचारलं. मुलांनी मत दिलं, खेळायचं. सामना झाला, ऑरलँडोने ५-० ने जिंकला. पेन्साकोलाची मुलं हरली, हात मिळवून घरी गेली. दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या संघांत झालेल्या लिटल लीगच्या अगदी पहिल्या सामन्यांत तो गणला जातो. साठ-बासष्ट वर्षांनी दोन्ही बाजूंचे खेळाडू, आता आजोबा झालेले, पुन्हा भेटले आणि त्यावर एक माहितीपट निघाला. बारा वर्षांच्या मुलाला विचारलं तर तो बहुतेक वेळा खेळायचंच म्हणतो. चार्ल्स्टनमध्ये मुलांना विचारलंच नव्हतं. तिथल्या गोऱ्या मुलांचाही तो उन्हाळा त्यांच्या बापांनी घालवला, हे मला अनेकदा वाटतं.

पण लगेच सगळं सुधारलं असं नाही. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या शेकडो लीग लिटल लीग सोडून डिक्सीकडे गेल्या. रंगाची अट कालांतराने गेली, झेंडा राहिला. १९९० नंतर चार्ल्स्टनमधल्या गस होल्ट नावाच्या एका काळ्या वडिलांच्या लक्षात आलं की, आपला मुलगा ज्या डिक्सी लीगमध्ये खेळतो तिच्या गणवेशावर गुलामीवाल्यांचा झेंडा शिवलेला आहे. हा झेंडा इथे आला कसा, हे शोधता शोधता ते १९५५ पर्यंत पोचले. तोवर कॅनन स्ट्रीटच्या मुलांची गोष्ट शहरात जवळजवळ कुणी बोलत नव्हतं. होल्ट यांनी ती वर काढली, झेंड्याविरुद्ध आवाज उठवला आणि तो गणवेशावरून गेला. मुलाच्या शर्टावर काय शिवलंय, एवढं बघण्यातून हे सारं निघालं.

२००२ मध्ये लिटल लीगने त्या संघाला विल्यम्सपोर्टला पुन्हा बोलावलं आणि १९५५ चा राज्यविजेत्यांचा ध्वज त्यांच्या हातात दिला. ४७ वर्षं झाली होती. मुलं साठीला आलेली. काही हयातच नव्हती.

आता तुम्ही विचाराल, यात मुली कुठे आहेत? मीही वाचताना तेच शोधत होते. उत्तर ऐकून बरं वाटणार नाही. रंगावरून मनाई नाही म्हणणाऱ्या याच लिटल लीगने मुलींना मात्र नियम लिहून बाहेर ठेवलं होतं. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅथरिन जॉन्स्टन या मुलीने केस कापले, ‘टबी’ असं मुलाचं नाव घेतलं आणि संघात शिरली. खेळली, सगळ्यांना आवडली. त्यानंतर संघटनेने मुलींना बंदी करणारा नियमच केला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन शहरात मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली. मुख्यालयाने होबोकेनची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला संघ सोडावा लागला. स्त्रियांच्या एका राष्ट्रीय संघटनेने तिच्या वतीने तक्रार केली. १९७३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, १९७४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. तेव्हा न्यू जर्सीतल्या कितीतरी लीगनी काय केलं असेल? मुलींना घेण्यापेक्षा आपले सामनेच बंद ठेवले. पुन्हा तेच, मैदानावर यायचंच नाही. शेवटी त्याच वर्षी लिटल लीगला नियम बदलावा लागला, आणि तिच्या कायद्यातला ‘मुलगे’ हा शब्द काढून सर्व मुलामुलींना लागू होईल असा शब्द घालण्यात आला. मारिया तोवर चौदा वर्षांची झाली होती. तिचं वय निघून गेलं होतं.

आपल्याकडच्या माणसांनी या लढ्यांकडे पूर्वीपासून लक्ष दिलेलं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, तुमच्या प्रश्नाचा अभ्यास करतो आहे म्हणून. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली, ते नावही अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेलं.

२०१४ सालचं एक सांगते आणि संपवते. फिलाडेल्फियाची मोने डेव्हिस, तेरा वर्षांची काळी मुलगी, विल्यम्सपोर्टच्या त्याच स्पर्धेत चेंडू फेकायला उतरली. समोरचा संघ दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातला, नॅशव्हिलचा. तिने त्यांना एकही धाव करू दिली नाही. सामना ४-० असा जिंकला. त्या स्पर्धेत संघाला जिंकून देणारी चेंडू फेकणारी ती पहिली मुलगी. पुढच्या उन्हाळ्यात ती आणि तिच्या फिलाडेल्फियातल्या संघातली मुलं १९४७ सालच्या एका जुन्या बसमधून दक्षिणेत फिरली, गावोगावी थांबून सामने खेळली आणि काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याच्या जागा बघितल्या. यावेळी समोर खेळायला संघ होते.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा बँकेच्या पासबुकातल्या नोंदी कशा तपासायच्या, ते बघू. पासबुक हाताशी ठेवा. नमस्कार.